नवशीचा उतार

गावाच्या वर तो झाडीचा उतार दिसतो ना, त्याला नवशीचा उतार म्हणतात. तिथं शतावरी माजली आहे, पण आमच्या करवंददऱ्यातला एकही पुरुष तिला कुदळ लावत नाही. त्याचं कारण आजोबांनी सांगितलं, तसंच सांगतो.

नवशी धनगराची लेक. मूल होईना म्हणून नवऱ्यानं टाकलेली. एक गाय घेऊन ती या उतारावर खोपटात राहायची. तेव्हा मोठा दुष्काळ पडून गेला होता. वाचलेल्या गाई तीन वर्षं माजावरच आल्या नाहीत, असं सांगतात. गोठ्यात वासरू नाही, घरात दूध नाही. एकट्या नवशीची गाय तेवढी व्याली.

लोक तिच्या दारी गेले. तिनं शतावरीच्या मुळ्या कुटल्या, मोड आलेली बाजरी आणि गूळ घालून गोळे वळले. महिनाभर रोज गोठ्यागोठ्यात जाऊन स्वतःच्या हातानं चारले. पुढच्या वर्षी गावभर वासरं हुंदडू लागली.

त्याच सुमारास कोंडाजी पाटलाच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. नवशी खरवस घेऊन गेली. पाटलीणबाईंनी तिला ओसरीवरच अडवलं.

"नवशे, तिथंच थांब. पोर पोटुशी आहे, तुझी सावली नको."

"गाईबी गाभण ऱ्हायच्या व्हत्या की, बाई," नवशी म्हणाली. "तवा माझी सावली चालली."

खरवस पायरीवर ठेवून ती वळली. "आता तुमी जिला वांझ म्हनाल, तिच्याच हातानं ही मुळी निघंल. दुसऱ्यानं काढली तर गुण यायचा न्हाई."

पाटलानं हट्टानं गड्यांकडून मुळ्या काढवल्या. एकही गाय गाभण राहिली नाही म्हणे. मग तो विनवणी करायला वर गेला, तर खोपट रिकामं. शेवटी त्याच्याच घरातल्या, मूल नसलेल्या चुलतबहिणीच्या हाती कुदळ दिली. गाईंना गुण आला.

नवशीला वाटलं असेल, अशानं गाव शरमेल. गावानं नुसती रीत उचलली.

आजही मुळी काढायला मूल नसलेलीच बाई लागते. आमच्यात ती माझी धाकटी भावजय, सगुणा. औषध चारून झालं की तिचा चहा गोठ्याच्या दारात नेऊन देतात. घरात बाळंतीण असली तर सगुणा आपणहून बाहेरच थांबते. मी घरात थोरला. "आत ये" असं मी तिला कधी म्हटलेलं नाही.