ओत्मारने तीनदा सांगितलेले वाक्य

डोंगरातल्या एका जुन्या ख्रिस्ती मठात ओत्मार नावाचा दहा वर्षांचा अनाथ मुलगा राहत असे. त्याचे हातपाय जन्मापासून वाकडे होते. बोलणे इतके अडखळत असे की स्वयंपाकी बंधू म्हणत, "ह्याच्या तोंडात गरम लापशी आहे." वृद्ध बंधू रूपर्ट यांना मात्र त्याचा शब्द न् शब्द कळे. ते त्याला उचलून नेत, आणि तो सांगेल ते लिहून घेत. ओत्मारची बुद्धी तीक्ष्ण होती. ईस्टरच्या सणाची तारीख तोच गणित करून काढी, आणि सणाआधीचा उपवासकाळ कधी सुरू करायचा ते तिच्यावरून ठरे.

त्या वर्षी त्याची एक बेरीज चुकली. शेजारच्या मठात उपवासकाळ सुरू होऊन आठवडा झाला, तरी इथे सर्वजण लोणी आणि अंडी खात होते. आपणच चुकीचे ऐकले असावे, असे रूपर्ट यांना प्रामाणिकपणे वाटले, आणि त्यांनी तसे सांगितले. मठाधिपतींनी त्यांची लेखणी काढून घेतली. ओत्मार गप्प राहिला. अडखळत्या जिभेमागे लपणे सोपे होते.

दुसऱ्या सकाळी बागेत, ओत्मारसमोरच्या जांभळ्या फुलांच्या झुबक्यांत, एक इवलीशी परी उतरली. तिच्या पंखांवर दवाचे रुपेरी कण लुकलुकत होते. देवाच्या आज्ञेने एक मागणे पुरे करीन, असे ती म्हणाली. पण मनात खोटे दडवून ते मागता येणार नव्हते. सरळ पाय मागायला उघडलेले ओत्मारचे तोंड तसेच मिटले. लाजेने त्याचे कान तापले. चूक कबूल करण्यापुरती तरी स्पष्ट जीभ दे, अशी त्याने विनवणी केली.

"खरे सांगायला आहे ती जीभ पुरते, बाळा," परी म्हणाली.

त्याच दिवशी मठाच्या सभेत तो बोलला. रूपर्ट सोडले तर कोणालाच काही कळले नाही. हा काय म्हणतो, असे मठाधिपतींनी रूपर्ट यांना विचारले. रूपर्ट यांनी मान खाली घातली.

"त्याला पाणी हवे आहे."

एवढी लाज ओत्मारला कधीच वाटली नव्हती. त्याने पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले. तेव्हा स्वयंपाकी बंधू उठले, त्याच्या तोंडाशी कान नेऊन वाकले, आणि हळूच म्हणाले, "चूक माझी होती, असे म्हणतो आहे हा."

रूपर्ट यांना लेखणी परत मिळाली. ओत्मारने सात दिवस कोरड्या पावावर प्रायश्चित्त केले. आठव्या सकाळी परी पुन्हा बागेत आली आणि आता माग म्हणाली.

"माझे बोलणे सर्वांना कळू दे. माझ्यासाठी पुन्हा कोणाला खोटे बोलावे लागू नये."

परीने त्याच्या ओठांना चिमुकले बोट लावले आणि ती सोनेरी प्रकाशात विरून गेली.

पाय वाकडेच राहिले. तशाच देहाने पुढे तो मठाचा व्रतस्थ बंधू झाला, ताऱ्यांची गणिते आणि देवाची स्तोत्रे त्याने शेकडो जणांना शिकवली. पण ते नंतर. त्या सकाळी त्याचे पहिले स्पष्ट शब्द होते, "प्रभू, मला क्षमा कर."

त्याला न्यायला आलेले रूपर्ट ते ऐकून थबकले. मग त्याच्या शेजारी गुडघे टेकून म्हणाले,

"आम्हा दोघांना, असे म्हण."