सतरावा तारा आणि मधली सुट्टी

एका डोंगरावरच्या वेधशाळेत हेमांगी नावाची एक शास्त्रज्ञ होती. तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि यात ताऱ्यांचा काही दोष नव्हता. सोमवारी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या फाटकातून डोकावली, तर तिची दुसरीतली लेक कस्तुरी कट्ट्यावर एकटीच बसलेली. नोकरीपायी आपणच पोरीला या परक्या गावात आणलं, असं तिच्या मनाने घेतलं. शाळा बदलण्याचा अर्जही लिहून झाला. तो पर्समध्ये होता.

हेमांगीचं काम तरुण तारकागुच्छांतले अवजड तारे तपासायचं. असे तारे सहसा एकटे नसतात. पण जोडीदार इतका जवळ असतो की दुर्बिणीतूनही दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो. जोडीदाराच्या ओढीने ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या बारीक काळ्या रेघा मागेपुढे सरकतात, त्यावरून तो ओळखायचा. सरकणं दिसायला मात्र पुन्हापुन्हा पाहावं लागतं.

गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी तिचा सहकारी भार्गव यादी घेऊन आला.

"ताई, सतराव्यापुढे 'एकटा' लिहू ना?"

"किती वेळा पाहिलास?"

"एकदा. पण अगदी स्वच्छ दिसला हो!"

"एकदा पाहून एकटा? अरे, शिकलास काय इतकी वर्षं?"

भार्गवने चहाचा घोट घेतला. तीन दिवस तो फाटकाचीच गोष्ट ऐकत होता. "आणि शाळेत किती वेळा डोकावलात, ताई?"

हेमांगीने पर्समधला अर्ज काढला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर सतराव्या ताऱ्याच्या पुढच्या पाच वेधांच्या तारखा लिहिल्या. धाकधूक काही गेली नाही. शिकलेल्या बाईची धाकधूक जरा जास्तच चिवट असते.

संध्याकाळी तिने लेकीपाशी कबुली दिली. "कस्तुरी, सोमवारी मी चोरून बघितलं तुला. एकटीच होतीस गं."

"एकटी कुठे? रुखसाना दोघींच्या बाटल्या भरायला गेली होती. मी तिचा डबा राखत होते."

कस्तुरी पुढे म्हणाली, "आई, जरा थांबायचंस ना. नळावर रांग होती."

तात्पर्य: एकदा डोकावून कुणाला एकटं ठरवू नये. ताऱ्याला पुन्हापुन्हा पाहावं, आणि लेकराला सरळ विचारावं.