खाली उतरायचा नियम

आधीच सांगून ठेवलेलं बरं. या गोष्टीत शेवटी सगळे सुखरूप घरी पोचतात आणि गरमागरम पेज खातात. मधे कुठे जीव घाबरा झाला, तर ही पेज आठवायची.

रंगेवाडीत बिट्टी नावाची एक मुलगी राहायची. तिच्या घरात रंग खूप होते, पण सगळे दुसऱ्यांचे. तिची आई दिवसभर चितारशाळेच्या परसात चिंचोके शिजवून खळ करायची, शिंपले वाटून पांढरा रंग करायची, निळीच्या वड्या कुटायची. संध्याकाळी ती घरी आली, की तिची दहा नखं दहा रंगांची असायची आणि ताटात मात्र एकच रंग असायचा. पेजेचा. बाबा नव्हते. धाकटा भाऊ होता, गुंडू. पाच वर्षांचा, फुगीर गालांचा, सदानकदा भुकेला.

रंगेवाडी पत्त्यांसाठी नावाजलेली होती. तिथले पत्ते गोल असायचे. फडक्याच्या चकत्या खळीनं एकावर एक चिकटवायच्या, त्यावर एक प्राणी रंगवायचा आणि वरून लाखेची झिलई द्यायची. मग पान असं चमकायचं, की त्यात स्वतःचं नाक दिसावं! खेळ सोपा होता. दोघांनी एकेक पान टाकायचं. मोठा प्राणी जिंकायचा, लहान हरायचा. बेडूक बेडूकमाशाला हरवायचा, साप बेडकाला, मोर सापाला, बिबळ्या मोराला. सगळ्यांच्या वर राजहत्ती.

बिट्टी चितारशाळेत शिकायला जायची. एके दिवशी तिनं तिथल्या मुख्य चिताऱ्याला, थोरल्या दाजींना, विचारलं, "दाजी, खऱ्या डबक्यात बेडूकमाशाचा पुढे बेडूक होतो ना? मग पानातला बेडूकमासा जन्मभर हरतच का राहतो?"

"कारण तो बेडूकमासा आहे," दाजी म्हणाले.

"पण त्याला बदलता आलं तर?"

"आमच्या वेळी आम्ही असले प्रश्न विचारले नाहीत."

"म्हणूनच ते अजून उरलेत ना, दाजी!"

दाजींची पांढरी मिशी थरथरली. "कुंचला खाली ठेव," ते म्हणाले, "आणि चालू लाग."

दाजींना उत्तर माहीत नव्हतं, एवढंच. मोठ्या माणसांना उत्तर माहीत नसलं, की ती दार दाखवतात. उत्तर शोधण्यापेक्षा ते सोपं असतं.

बिट्टी रडली, पण थोडंच. मग तिनं चितारशाळेच्या उकिरड्यावरून कडा तुटलेल्या, वाकड्या झालेल्या चकत्या गोळा केल्या आणि आईच्या नखांखालचा रंग काडीनं काढून काढून स्वतःची पानं रंगवली. एवढुशी अळी, एवढुशी खार, एवढुसा बेडूकमासा. तिला बदलणाऱ्या प्राण्यांचा डाव बनवायचा होता. पण बदल कधी व्हावा, कसा व्हावा, ते काही केल्या जमत नव्हतं.

फाल्गुनातली एक सकाळ. वाडीबाहेरचं पळसाचं रान केशरी फुलांनी नुसतं पेटलं होतं. बिट्टी आणि गुंडू तिथे पानं मांडून बसले, तेवढ्यात वाटेवरून बारीक, किणकिणता आवाज आला. वाटेच्या कडेला दाजींचं लाखेचं वाडगं होतं, आणि त्यातल्या चिकट लाल लाखेत कुणीतरी अडकलं होतं. बोटाएवढं. पळसाच्या पाकळीचा झगा, मोहरीएवढे डोळे आणि पाठीवर दोन चिमुकले, लखलखते पंख.

दाजी आणि चितारशाळेची मंडळी त्याच वाटेनं पुढे गेली होती. त्यांनी वाडग्यात बघितलंही होतं. "किडा पडलाय," एवढं म्हणाली, लाख वाया गेली म्हणून हळहळली आणि वाडगं तिथेच टाकून गेली.

"थांब हं, ओढू नकोस, फाटेल," बिट्टी म्हणाली. आईनं गुंडूच्या डोक्याला लावायला दिलेलं वाटीभर तीळतेल तिच्यापाशी होतं. घरातलं शेवटचं. काडीच्या टोकानं एकेक थेंब लावत, हळूच फुंकर घालत तिनं एक पंख सोडवला, मग दुसरा. तेल संपलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

परीनं पंख झटकले. हवेत सोनेरी, गुलाबी, मोरपंखी ठिपके उडाले.

"मी झिलईपरी," ती म्हणाली. "पानांवर जी चमक येते ना, ती मी. तुला तीन इच्छा देते, बाळ. पण नियम आहेत. इच्छा पानाच्या कडेवर लिहायची. लिहिशील तेवढंच होईल. मनातलं मला वाचता येत नाही. आणि सूर्य टेकडीआड गेला, की लाख थिजते. मग झालेलं सगळं कायमचं."

"आम्हाला पेज मिळेल?" गुंडूनं विचारलं.

"गप रे," बिट्टी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. तिनं एक कोरी चकती घेतली आणि कडेवर बारीक अक्षरात लिहिलं: *जे पान जिंकेल, त्यातला जीव एक पायरी चढेल.*

परीनं त्यावर बोट फिरवलं. अक्षरं चमचमली आणि सगळी पानं जिवंत झाली! अळी वळवळली, तिनं सुकला पाला रंगवलेल्या पानाला हरवलं आणि फट्कन लिंबोणी रंगाचं फुलपाखरू झाली. खारीची शेपूट झुपकेदार झाली. बिट्टी टाळ्या पिटत नाचली. जमलं होतं! इतके दिवस अडलेलं जमलं होतं!

"आता माझं पान!" गुंडू ओरडला.

त्यानं सकाळीच एक पान रंगवलं होतं. दोन गोल, चार काड्या आणि हातात एक भलीमोठी काठी. "हा मी आहे. मी सगळ्यांना हरवतो."

तो लहान होता. बिट्टीनं हसून त्याला जिंकू दिलं. पहिला हात त्यानं जिंकला आणि खरा, हाडामांसाचा गुंडू मांजराचं पिल्लू झाला. बिट्टीला इतकं हसू आलं, की तिनं दुसराही हात त्याला दिला. गुंडू बिबळ्या झाला. मग मात्र तिला धडकी भरली. ती पानं आवरायला धावली, पण बिबळ्यानं पंजानं पान पुढे सरकवलं, त्याखाली बिचारा बेडूकमासा दबला, आणि तो तिसरा हात ठरला.

झगझगीत उजेड पडला. पळसाखाली एक सिंह उभा होता. घरापेक्षा उंच. आयाळ सोन्याची, पंख निळेजांभळे, डोळे माणकांचे.

"ताई," सिंह गुंडूच्या आवाजात म्हणाला, "मला शू लागलीय. आणि मला चड्डीच नाहीये."

बिट्टीनं चकतीची कड पुन्हा वाचली. वर चढायचा नियम तिनं लिहिला होता. खाली उतरायचा लिहिलाच नव्हता. लिहिणार तरी कशी? रंगेवाडीत कुणी कुणाला खाली उतरायला शिकवलंच नव्हतं. तिथे सगळं वरच जायचं.

उजेड बघून दाजी आणि मंडळी धावत आली. सिंह बघून दाजींचे हात आपोआप जोडले गेले.

"वाडीचं नाव झालं!" ते म्हणाले. "याला वेशीवर बसवू. लांबलांबून लोक बघायला येतील."

"अहो दाजी, तो गुंडू आहे. पाच वर्षांचा आहे तो!"

"होता," दाजी म्हणाले. "आता बघ केवढा मोठा झालाय. रडतेस कसली? अभिमान वाटायला हवा."

"ताई, मला घरी जायचंय," सिंह मुसमुसला. त्याच्या माणकांच्या डोळ्यांतून टपोरी आसवं गळत होती. सगळ्या मोठ्या माणसांनी ती बघितली. "वा, काय तेज आहे डोळ्यांत!" म्हणाली.

सूर्य कलायला लागला होता. बिट्टीनं घाईघाईनं दुसरं पान उचललं आणि लिहिलं: *जे पान हरेल, त्यातला जीव एक पायरी उतरेल.* परीनं बोट फिरवलं. अक्षरं चमकली. आता गुंडूनं फक्त तीनदा हरायचं होतं.

पण सिंहाला हरवणार कोण? फुलपाखरू हरलं आणि पुन्हा अळी झालं. खार हरली आणि तिची शेपूट बारीक झाली. बिट्टीची पानं एकेक करून खाली गेली आणि सिंह तिथेच, वर, रडत बसलेला.

"दाजी," तिनं हात जोडले, "तुमच्या बटव्यात राजहत्ती आहे. सगळ्यांच्या वरचं पान. तीन वेळा टाका हो. तुमच्या पाया पडते."

दाजींनी बटवा उघडला. राजहत्ती वरच होता, सगळ्यांना दिसला. त्यांनी तो बाजूला सारला आणि खालचं बेडकाचं पान काढून सिंहासमोर टाकलं. मुद्दाम.

"अरेरे, हरलो," दाजी म्हणाले, आणि बाकीच्या मंडळींनीही आपापली सगळ्यात लहान पानं काढली.

मुलाला मोठं करण्यासाठी मोठी माणसं किती कौतुकानं हरतात! मुलाला घरी जायचंय, हे मात्र कुणाला ऐकू येत नाही.

तेवढ्यात चिंचोक्याच्या खळीनं बरबटलेले हात घेऊन बिट्टीची आई धावत आली. तिनं सोन्याची आयाळ बघितली नाही, जांभळे पंख बघितले नाहीत. ती थेट त्या भल्यामोठ्या तोंडापाशी गेली आणि पदरानं त्याचं नाक पुसलं.

"गुंड्या, सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना रे?"

सिंहानं हुंदका दिला. पळसाची फुलं पटापटा गळली.

सूर्य टेकडीला टेकला. एकच इच्छा उरली होती. ती बिट्टीनं स्वतःसाठी मनात जपली होती. बिट्टीला चितारशाळेत परत घ्यावं, असं लिहायचं होतं. तिनं एकदा लांबून दिसणाऱ्या चितारशाळेच्या निळ्या दाराकडे बघितलं आणि मग दाराकडे पाठ केली.

*गुंडू परत गुंडू होवो,* एवढं लिहून भागलं असतं. तिनं काडी टेकवलीसुद्धा. पण तिच्या पायापाशी बेडूकमासा तडफडत होता. तिच्याच डावात हरलेला, आणखी खाली उतरायला पायरीच नसलेला. गुंडू सुटेल, पण याचं काय? उद्या दुसरं कुणी उंचावर अडकलं तर त्याचं काय? असला डाव कसला, ज्यात खाली यायला आधी कुणीतरी हरवावं लागतं?

बिट्टीनं दीर्घ श्वास घेतला. सुबक अक्षरात तिनं लिहिलं: *ज्याला उतरायचं असेल, त्यानं आपलं मोठेपण लहान पानाला द्यावं आणि खुशाल घरी यावं.*

परीचं बोट कडेवरून फिरलं. सूर्याची शेवटची कोर उरली होती.

"गुंडू! देऊन टाक सगळं! लहान पानांना देऊन टाक!"

"सगळं?" सिंहानं विचारलं. "मग मला पेज मिळेल?"

"हो, हो, मिळेल!"

"बेडूकमाशा, पंख घे," सिंह म्हणाला. जांभळे पंख गळाले आणि बेडूकमासा टुण्णकन उडाला. आकाशात! सिंहाचा बिबळ्या झाला, आयाळ तेवढी उरलेली. "खारूताई, आयाळ घे." खार सोन्यासारखी झळाळली. बिबळ्याचं पिल्लू झालं, डोळे अजून माणकांचेच. "अळी, तू माझे डोळे घे. चमकतात बघ." अळीच्या पाठीवर दोन माणकं उमटली, आणि पिल्लाच्या जागी फुगीर गालांचा, शेंबड्या नाकाचा, उघडाबंब गुंडू उभा होता.

त्यानं आधी झाडामागे धाव घेतली. किती वेळ धरून ठेवली होती बिचाऱ्यानं!

आई मटकन खाली बसली आणि हसायला लागली, मग रडायला, मग पुन्हा हसायला. बिट्टीच्या छातीवरचा धोंडा असा उतरला, की तिला वाटलं आता आपणच उडणार. सूर्य मावळला. लाख थिजली. तिन्ही नियम कायमचे झाले.

"छान सिंह घालवलास," दाजी पुटपुटले.

"छान भाऊ मिळवला," बिट्टी म्हणाली.

झिलईपरी तिच्या तळहातावर उतरली. "इच्छा संपल्या," ती हळूच म्हणाली. "पण तेलाची परतफेड राहिलीय." तिनं आपल्या केसांचा एक कुंचला बिट्टीच्या हातात ठेवला. रेशमासारखा, रंग कधीच न संपणारा. "तुझ्या डावाला माझी झिलई. जेव्हा जेव्हा कुणी आपलं मोठेपण देईल, तेव्हा तेव्हा मी चमकेन."

मग ती फिरकीसारखी फिरली. केशरी, गुलाबी, पोपटी, चंदेरी उजेडाचं एक कारंजं उसळलं, पळसाचं रान क्षणभर आरशासारखं लखलखलं, आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

त्या संध्याकाळी तिघांनी पेज खाल्ली. गुंडूनं चार वाडगे.

बिट्टीचा डाव गावोगाव गेला. मुलं पळसाखाली येऊन बसू लागली. आई आता तिथेच रंग करायची, आणि पहिला निळा रंग तिनं स्वतःच्या घराच्या दाराला दिला. दाजींनी निरोप धाडला, "उद्यापासून चितारशाळेत ये." बिट्टीनं उलट निरोप धाडला, "नको. तुम्हीच इकडे या."

ते आले, पण पावसाळा सरल्यावर. माफी मागितली नाही. कडेला बसले आणि प्रत्येक हाताला राजहत्ती टाकत राहिले. जिंकले, जिंकले, जिंकतच राहिले. कुणी त्यांच्याशी खेळेना. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "बिट्टे, हे पान किती वर्षं धरून बसलोय गं. हात दुखतो. मलाही उतरता येईल का?"

बिट्टीनं नुसतं कडेवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं.

दाजींनी राजहत्ती गुंडूच्या बेडूकमाशाला देऊन टाकला. पान चमकलं, आणि दाजी पहिल्यांदाच खदखदून हसले. तेव्हा कुठे वाडीला कळलं, की त्यांना तीनच दात आहेत.

डाव झाला, पानं गोळा करा. ज्याच्या हाती सगळ्यात मोठं पान, त्यानं ते पुढच्याला द्यावं आणि खुशाल घरी जावं.