चरखीवरचा अंगठा

“…म्हणजे सोडून देऊ म्हणता? जिवंत बाई?”

येसबानं असं विचारलं तेव्हा वस्ताद पाण्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

वारणेच्या धारेतून गळाची तरंगती मोरपिसाची काडी खाली चालली होती. तिच्या चालीनं वस्तादांच्या हातातली चरखी हळूहळू फिरत होती.

“मी काहीच म्हटलं नाही,” वस्ताद म्हणाले. “आल्यापासून तूच बोलतोयस.”

दाऊद वस्ताद म्हणजे आमच्या काठावरचे गळाचे गुरू. आम्ही जे कोणी गळ टाकायला शिकलो, ते त्यांच्याच हाताखाली. त्यांची चरखी शिसवी लाकडाची होती. मधल्या पितळी खिळ्यावर ती इतकी मोकळी बसवलेली की नुसती फुंकर मारली तरी फिरायची. बाजारातल्या रिळाला असतात तसे दाते तिला नव्हते, खटका नव्हता, ब्रेक नव्हता. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, किती जाऊ द्यायचा आणि कुठे रोखायचा, ते सगळं अंगठ्यानं. चरखीच्या कडेवर अंगठा टेकलेला असायचा, बस.

येसबा त्यांचा सगळ्यात तयार चेला. सगळ्यात ताठही तोच. “माझ्या अंगठ्याखालून मासा जात नाही,” असं तो चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगायचा. पुष्कळदा ते खरंही असायचं.

त्या दिवशी तो तालुक्याच्या दवाखान्यातून नदीवर आला होता. अंगावर कालचेच कपडे. दाढी वाढलेली. त्याची बायको हौसा तिथे खाटेवर होती. पोटात गाठ, नाकातून घशात गेलेली नळी, बोलणं बंद. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता औषधाचं काम संपलं, घरी न्यायचं असेल तर न्या. हौसा तर केव्हापासून दाराकडे बोट दाखवत होती.

येसबा तिला हलवू देत नव्हता.

आभाळ खाली आलं होतं. पलीकडचा ऊस काळा दिसत होता. मी बाजूला बसून आमिषाची कणीक मळत होतो. 

“मेहुणा म्हणतो, घरी ने. सून म्हणते, घरी आणा. सगळ्यांना घाई झाली आहे,” येसबा म्हणाला.

“हौसा काय म्हणते?”

“तिला काय कळतंय आता.”

“मग बोट कोण दाखवतंय दाराकडे?”

येसबानं तोंड फिरवलं.

काडी वळणापर्यंत गेली. वस्तादांनी तंगूस गुंडाळून घेतला, गळाला नवी कणीक लावली, पुन्हा सोडला. घाई नाही, काही नाही.

“घरी नेली तर दोन दिवस निघायचे नाहीत, वस्ताद. तिथे निदान श्वास तरी चालू आहे.”

“चालू आहे.”

“मग?”

वस्तादांनी काठीचं टोक थोडं वर केलं.

“बोला की काहीतरी! मी एवढ्या लांबून आलो.”

“आलास. काठी घेऊन आलास.”

येसबानं आपल्या हाताकडे बघितलं. खरंच, वाटेत घरी थांबून तो काठी घेऊन आला होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं.

“हात रिकामा ठेववत नाही,” तो हळूच म्हणाला. “रात्रभर तिचा हात धरून बसतो. धरलाय तोवर जाणार नाही असं वाटतं. नर्स म्हणाली, बाबा, जरा सैल धरा, तिची बोटं पांढरी पडलीत.”

वस्तादांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

“तुम्हाला नाही कळायचं,” येसबा म्हणाला. आवाज चढला होता. “तुमच्यामागे कोण आहे? तुम्हाला काय सोडायचंय?”

माझा हात कणकेत तसाच राहिला. पलीकडच्या कब्रस्तानात वस्तादांची बायको आहे, आणि तिच्या शेजारी त्यांचा मुलगा युनूस. येसबाला हे माहीत होतं. दोन्ही वेळा खड्डा खणायला तो होता.

बोलून गेला आणि त्याची मान खाली गेली.

वस्ताद रागावले नाहीत. “अंगठा बघू तुझा,” म्हणाले.

“काय?”

“अंगठा.”

येसबानं हात पुढे केला. वस्तादांनी त्याचा अंगठा उजेडाकडे वळवून बघितला.

“रेशनच्या मशीनवर उठतो हा?”

“एका टेकीत उठतो.”

“माझा उठत नाही. दुकानदार आधी मशीन पुसतो, मग माझा अंगठा पुसतो, मग स्वतःचं तोंड पुसतो. शेवटी म्हणतो, चाचा, तुम्ही आहात हे मशीनला मान्यच नाही.”

मला हसू आलं. येसबाच्याही ओठापर्यंत आलं आणि परत गेलं.

“हात लावून बघ.”

येसबानं वस्तादांच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. रेष नव्हती. पाण्यातला गोटा असतो तसा गुळगुळीत होता तो.

“आयुष्यभर धरून धरून झिजला,” येसबा म्हणाला.

“धरून झिजतो होय रे? धरलेला अंगठा जागचा हलत नाही… तुझा बघ. कोरा करकरीत.”

येसबानं हात ओढून घेतला. त्याला ते लागलं.

“म्हणजे धरणारा खोटा आणि सोडणारा खरा! अहो, सोडायला काय लागतं? अंगठा उचलला की झालं. कुणीही उचलेल.”

“अंगठा उचल, असं कोण म्हणालं?”

येसबाची काठी वस्तादांनी काढून खाली ठेवली.

वस्तादांनी आपली काठी त्याच्या हातात दिली. मी बघतच राहिलो. ती काठी, ती चरखी त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती.

येसबानं सवयीनं खिशात हात घातला. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेलं रबराचं कडं काढलं आणि अंगठ्यावर चढवलं. ही त्याचीच युक्ती. मासा पळाला की चरखी अंगठ्याखाली गरगरते, कातडी पोळते. रबर असलं की अंगठा गच्च दाबून चरखी जागच्या जागी अडवता येते. त्याचं बघून काठावरची चार पोरंही रबर घालायला लागली होती.

“ते काढ.”

“भाजतं, वस्ताद.”

“माहीत आहे. काढ.”

येसबा थांबला. मग त्यानं रबर काढलं. ठेवायचं कुठे हे न कळून माझ्याकडे दिलं. अजून उबदार होतं.

काडी धारेला लागली. चरखी फिरू लागली. येसबाचा उघडा अंगठा कडेवर टेकला, बिचकला, पुन्हा टेकला.

पलीकडे कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं, ते थांबलं.

काडी एकदम खाली गेली.

येसबानं झटका दिला आणि काठी वाकली. मासा मोठा होता. त्यानं सरळ खालच्या डोहाची वाट धरली. येसबानं जन्मभर केलं तेच केलं. दात आवळले आणि अंगठा गच्च दाबला.

चरखी थांबली. तंगूस ताठ झाला, त्यातून बारीक आवाज यायला लागला.

“तुटेल!” मी म्हणालो.

“तुटू दे. सोडणार नाही.”

“तुटला तर गळ तोंडात घेऊन जाईल,” वस्ताद म्हणाले. “कपारीत पडून राहील. खाता येणार नाही त्याला… मरताही येणार नाही.”

येसबा पाण्याकडे बघत होता. पण मला वाटतं, त्याला पाणी दिसत नव्हतं. त्याचा चेहरा बघवेना, म्हणून मी खाली बघितलं.

मग आवाज बदलला. तंगुसाचा थांबला आणि लाकडाचा सुरू झाला. चरखी फिरत होती.

“एकदम मोकळी नको,” वस्ताद हळूच म्हणाले. “गुंता होईल. दाबायचं नाही, टेकून ठेवायचं… हां. असं.”

“जातोय, वस्ताद.”

“जातोय.”

“थांबत नाही तो.”

“नाही थांबायचा.”

तंगुसाचे वेढे कमी होत चालले होते. खालचं लाकूड दिसायला लागलं होतं.

“नळी घालायच्या आधी ती माझ्याशी बोलली होती,” येसबा म्हणाला. तो माशाबद्दल बोलत नाही, हे समजायला मला एक क्षण लागला. “म्हणाली, मला आपल्या घरच्या सोप्यात निजवा. दार उघडं ठेवा. मी म्हटलं, गप बस, असलं बोलू नको… गप केलं मी तिला. तेच शेवटचं बोलली.”

वस्ताद उठले. त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, इतकंच.

चरखी फिरत होती. तिच्या कडेला आता लाल लागलं होतं. येसबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

“आणतो तिला,” तो म्हणाला. “आजच. दिवे लागायच्या आत. मेहुण्याची गाडी आहे.”

“हूं.”

“मी शेजारी बसतो. ओढत नाही. नुसता बसतो.”

“हूं.”

मासा लांब गेला होता. डोहाच्या तोंडाशी पाणी एकदा हललं आणि पुन्हा सपाट झालं. चरखी मात्र थांबली नव्हती.

“भाजतंय, वस्ताद.”

“भाजू दे… अंगठा उचलू नकोस.”