माळवटला पूल कसा मिळाला

एका इवल्याशा देशात झिपरू नावाचा एक भोळा नावाडी होता. देशाचं नाव माळवट. नऊ गावं, एक नदी, आणि नदीवर पूल नाही. पावसाळ्यात होडी बंद. मग आजारी माणूस पलीकडच्या वैद्याकडे जाणार कसा? पूल बांधून देणार होती सात देशांची महासभा. तिथं प्रत्येक देशाचा एक प्रतिनिधी आणि एक मत.

एवढ्या मोठ्या कामाला माळवटनं झिपरूला निवडून दिलं. शहाणी माणसं सगळी चावडीच्या निवडणुकीत गुंतली होती ना! महासभेचा प्रतिनिधी निवडायच्या दिवशी नेमका आठवडी बाजार. अकरा मतं पडली. त्यात झिपरूचं नव्हतं. "तुम्ही व्हा पुढं, तुम्ही व्हा पुढं," करत तो दारातच राहिला आणि वेळ संपली.

निघताना प्रधान हणमंतरावांनी बजावलं, "मोठ्यांची सभा आहे. गप्प बसायचं."

झिपरू गप्प बसला. सभापतींनी विचारलं, "सहा वैद्य आहेत. कुणाला हवेत?" बाकीच्या सहा देशांनी सहा वैद्य नेले.

"अरे अक्कलशून्या," प्रधान कडाडले, "'आम्हालाही द्या, दुप्पट द्या,' म्हणायचं!"

"हां जी. पुढच्या वेळी म्हणतो."

पुढच्या वेळी विषय होता कचऱ्याचा. महासभेच्या शहराचा कचरा टाकायचा कुठं? सगळे प्रतिनिधी आपापल्या चपला न्याहाळू लागले. झिपरू उठला. "आम्हालाही द्या, दुप्पट द्या!" सभेनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. सभापतींना तर गहिवरून आलं.

चाळीस गाड्या माळवटात रिकाम्या झाल्या. प्रधान नाकाला उपरणं लावून ओरडले, "गाढवा, 'आमच्याकडे नको, शेजाऱ्याला द्या,' म्हणायचं!"

"हां जी. पुढच्या वेळी म्हणतो."

पुढच्या वेळी निघाला पूल.

"माळवटात बांधू या?" सभापतींनी विचारलं.

"आमच्याकडे नको," झिपरू म्हणाला. "शेजाऱ्याला द्या."

शेजारच्या बोरखंड देशाचे प्रतिनिधी होते तात्यासाहेब. ते अजिबात हसले नाहीत. त्यांनी झिपरूला पेढा दिला.

या वेळी प्रधान ओरडले नाहीत. त्यांना रडूच आलं. दुसरा माणूस निवडावा, तर मत द्यायला बाजार कोण बुडवणार? "आता तोंडच उघडू नकोस बाबा," ते म्हणाले. "तात्यासाहेब शहाणे आहेत. ते हात वर करतील तेव्हा तू कर."

पुढच्या सभेत ठराव मांडला तात्यासाहेबांनीच. "ज्या देशाला वैद्य नको, पूल नको, फक्त कचरा हवा, तो वेगळा ठेवायचा कशाला? माळवट बोरखंडात मिळवून टाका." तिघे बाजूनं, तिघे विरुद्ध. सगळे झिपरूकडे बघू लागले. झिपरूनं तात्यासाहेबांकडे बघितलं. त्यांचा हात वर होता. झिपरूनं हात वर केला. एक कमी पडेल म्हणून दुसराही केला.

मग तो धावत घरी आला. "प्रधानजी, पूल मिळाला!"

प्रधानांनी त्याला कडकडून मिठी मारली. "शाबास रे पठ्ठ्या! कसा मिळवलास?"

"पूल बोरखंडाचा, आणि आता आपणही बोरखंडाचेच!"

प्रधान मटकन खाली बसले. "अरे, मग मी? मी कुणाचा प्रधान?"

"तुमच्यासाठी विचारलं ना मी," झिपरू म्हणाला. "तात्यासाहेब म्हणाले, मोठ्यांची सभा आहे. त्यांना सांग, गप्प बसायचं."