कानामागचे जांभळीचे पान

सागाच्या एका रानात एक सांबर राहत असे, आणि तो साधासुधा सांबर नव्हता. तो अध्यक्ष होता. हसू नका, मुलांनो. त्या रानातला एकुलता एक पाणवठा रानडुकरांनी लोळून लोळून चिखलाचा करून टाकला होता. निदान सकाळच्या वेळी तरी बाकीच्यांना स्वच्छ पाणी मिळावे म्हणून हरणे, ससे, नीलगाई, माकडे अशा सगळ्यांनी मिळून संघटना काढली होती. संघटनेची खूण म्हणजे कानामागे खोचलेले जांभळीचे पान. ज्याच्या कानामागे पान तो आपला, त्याच्यामागून खुशाल जावे, असे पाडसांना दूध सुटायच्या आधीच शिकवले जाई. ही शिकवण सांबराची स्वतःची होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता.

त्या वर्षी शिकार करणाऱ्यांच्या गटातून एक कोल्हा फुटून संघटनेत आला. आपण मांस सोडले, आता नुसत्या बोरांवर राहतो, असे त्याने भर सभेत सांगितले. मग काय विचारता! चिटणीस माकडाने त्याच्या गळ्यात रानफुलांची माळ घातली आणि सांबराने स्वतः त्याच्या कानामागे पान खोचले. कोल्ह्याचा आवाज असा खणखणीत की त्याने घोषणा दिली की टेकडीपलीकडचे ससे धावत येत. पाडसांना घोषणा शिकवायचे कामही साहजिकच त्याच्याकडे गेले. मिरवणुकीत पाडसे सगळ्यांत पुढे चालत, कारण ती गोड दिसत आणि त्यांच्यावर डुकरे धावून येणार नाहीत असे मोठ्यांना वाटे. प्रत्येक सभेत एका आंधळ्या, म्हाताऱ्या भेकरआजीलाही पुढे आणून बसवत. तिच्यामुळे सभेला वजन येई. तिला तहान लागली आहे का, हे मात्र कोणी विचारत नसे.

मोठ्या सभेचा दिवस उजाडला. पाणवठ्याच्या एका काठाला सगळे रान लोटले होते आणि दुसऱ्या काठाला डुकरे मजा बघत बसली होती. सांबर बोलण्यासाठी खडकाकडे निघाला, तोच भेकरआजी वाटेत उभी राहिली. तिला बिलगून एक चितळाचे पाडस उभे होते. एरवी घोषणा देताना सगळ्यांत मोठा आवाज याच पोरीचा असे. गेले आठ दिवस ती गप्प होती. सांबराच्या ते लक्षात आले होते, पण घसा बसला असेल म्हणून त्याने सोडून दिले होते. घोषणांमधला एक आवाज कमी झाला, याची चौकशी फक्त आजीने केली होती.

आजीने त्याला बाजूला घेऊन सगळे सांगितले. कोल्ह्याने पोरीला दोनदा एकटीला नाल्याकडे नेऊन बोरे खाऊ घातली होती. आज सभा सुरू झाली की आईने गवतात लपवलेल्या धाकट्या भावाला घेऊन तिने पुन्हा तिकडे यायचे होते. हे संघटनेचे गुप्त काम आहे, कोणाला सांगितलेस तर तुझे पान काढून घेतील आणि तुझ्यामुळे संघटना मोडेल, असेही त्याने तिला बजावले होते. सांबराने मान वळवून कोल्ह्याच्या कानामागचे पान पाहिले. पण माकड मागेच उभे होते. आज नको, डुकरे बघताहेत, कोल्हा गेला तर अर्धी सभा उठून जाईल, संध्याकाळी बघू, असे ते सांबराच्या कानाशी पुटपुटले. आणि खरे सांगायचे तर सांबरालाही ते पटले.

"आजी, तुमचा काही गैरसमज तर नाही ना?" तो म्हणाला. "त्याच्या कानामागे आपलं पान आहे."

"मला पान दिसत नाही रे बाबा. मला नुसता वास येतो, आणि तो बोरांचा नाही," आजी म्हणाली. "सभा संपेपर्यंत ही पोर कुठे उभी राहील, तेवढं सांग."

सांबराने सभेकडे पाठ केली आणि पाडसाकडे पाहिले. ते खाली बघत आजीच्या अंगाआड सरकत होते. सांबराने पुढचे गुडघे टेकले, आपली मोठी शिंगे मागे टाकली आणि तोंड तिच्या तोंडाजवळ नेले. "तू सांगितलंस ते फार बरं केलंस," तो म्हणाला. "यात तुझी काही चूक नाही." मग त्याने तिच्या आईला बोलावून तिघींना एकत्र बसवले, दोन धिप्पाड नीलगाई नाल्याकडे धाडल्या आणि तो खडकावर चढला. पोरीचे नाव न घेता त्याने कोल्ह्याला सगळ्यांसमोर पाडसांपासून दूर व्हायला सांगितले आणि त्याच्या कानामागचे पान काढून घेतले.

"मी निघालो तर अर्धं रान माझ्यामागे येईल," कोल्हा हसून म्हणाला.

आणि आलेच. सशांच्या टोळ्या उठल्या, घोषणांवर टाळ्या पिटणारे पांगले, डुकरे पोट धरून हसली. त्या दिवशी पाण्याचे काही जमले नाही. थोड्या वेळाने नीलगाई धापा टाकत परत आल्या. नाल्याकाठी घाणेरीच्या जाळीत आणखी दोन कोल्हे दबा धरून बसले होते; त्यांना लाथा घालून हाकलावे लागले. हे ऐकल्यावर माकडाने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.  संध्याकाळी बघू, असे सांबरही म्हणणारच होता.

तेवढ्यात पाडस पुढे आले. त्याने आपल्या कानामागचे पान झटकून सांबराच्या पायाशी टाकले. "मी सांगितलं ना," ते म्हणाले, "मग आता हे परत द्यायचं."

सांबराने पुन्हा गुडघे टेकले. "पोरी, कोल्ह्याला पान देताना मी क्षणभर विचार केला नाही. तुझ्याकडून कोणत्या तोंडाने घेऊ?" तो म्हणाला. "तू बोललीस म्हणून तुझा भाऊ आज आहे. तुझे आणि आजीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही." त्याने ते पान ओठांनी उचलून तिच्या कानामागे खोचले.

त्या दिवसापासून संघटनेत पाडसाला एकटे कोणी कुठे नेईनासे झाले, मग तो अध्यक्ष का असेना. मिरवणुकीत पाडसे मधोमध चालू लागली. 'कोणाला सांगू नकोस' असे जो म्हणेल त्याचे नाव आधी आजीला सांगायचे, असे ठरले. आजीलाही सभेत बसवण्याआधी, यायचे आहे का, असे विचारू लागले. हे कानोकानी पसरले, आणि पिल्ले लपवून घरी बसणाऱ्या कितीतरी आया हळूहळू सभेला येऊ लागल्या. उन्हाळा लागेपर्यंत काठावर त्यांची इतकी दाटी झाली की सकाळच्या वेळी डुकरांना पाणी सोडून बाजूला सरकावेच लागले.

स्वच्छ पाण्याच्या त्या पहिल्या सकाळी सांबराने आजीला आधी पुढे नेले. ती पाण्याला तोंड लावणार, इतक्यात मागून एक घोषणा आली, लहानशी पण सगळ्यांत मोठ्या आवाजात. आजीने कान टवकारले. तो आवाज तिने बरोबर ओळखला, आणि मग ती पोटभर पाणी प्यायली.

तात्पर्य : आपल्या माणसांची खूण मिरवतो एवढ्यावरून कोणाच्या हाती लेकरे आणि दुबळी माणसे सोपवू नयेत, ती काही सांगू लागली तर सभा थांबवून आधी त्यांचे ऐकावे.