हातखाली वेस

खैरवडीच्या वेशीची गोष्ट माझ्याइतकी चांगली अख्ख्या तालुक्यात कुणाला सांगता येत नाही. म्हणजे, ज्यांना येत होती ते सगळे मेले. मी राहिलो. शाळा मी चौथीपर्यंत केली आणि त्यातली दोन वर्षं चौथीतच काढली, तेव्हा यातलं काही चुकलं तर बोल मास्तरांना लावा. माझं नाव हैबती. गावात तोंडावर हैबतीअण्णा म्हणतात. मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

गावात शिरताना दक्षिणेला काळ्या दगडाची वेस लागते, तीच हातखाली वेस. कमान अजून धड आहे. बाकीचा तट ढासळला आणि त्याचे दगड लोकांनी आपापल्या गोठ्याला नेले. कसली ही माणसं, म्हणावंसं वाटतं. पण चार दगड माझ्याही गोठ्यात आहेत. वेशीबाहेर डाव्या हाताला खडकात कोरलेली तीन कुंडं आहेत, माणूस उभा राहील एवढी खोल. त्यांच्या खालच्या अंगाला ओढ्यात एक डोह आहे. तळ पांढराफटक. त्यात मासा नाही, बेडूक नाही, तहानलेली म्हैससुद्धा हुंगते आणि मान फिरवते. त्याला चुनडोह म्हणतात.

आणि रीत अशी की या वेशीतून जाताना कुणी हात नाकाला न्यायचा नाही. नाक खाजलं तरी नाही, शिंक आली तरी नाही. नवरदेव असो, आमदार असो, हात खाली. ज्याचा हात वर गेला त्याने दंड म्हणून गावातल्या विहिरीवरून घागरभर पाणी आणून कुंडात ओतायचं.

आता रीत आहे, तर ती पाळली जाते की नाही हे कुणी बघायला नको? ते काम मी अंगावर घेतलंय. कमानीच्या आतल्या कोनाड्यात माझा एक डबा असतो. त्यात काय असतं ते ऐकून तुमचं जेवण जाईल, म्हणून मुद्दाम सांगतो. फुटकी अंडी, किडे पडलेलं ताक आणि बोंबलाची डोकी. आठ दिवस उन्हात. पाहुणे कमानीखाली आले की झाकण जरासं सरकवायचं, बस्स. एकदा एक प्राध्यापक आले होते. वारसा, वारसा म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मला वाटलं, गावाबद्दल केवढं प्रेम! तीन घागरी ओतायला लावल्या.

खरं सांगू का, मला पाहुण्यांचीच शिसारी येते. कुंडांत गुटखा थुंकतात. डोहाच्या काठी वेफर्सची पाकिटं आणि लहान पोरांची ओली लंगोटं टाकून जातात. कमानीवर खिळ्याने बदाम कोरून त्यात दोन नावं घालतात. एवढं सगळं करून झालं की नाक मुरडून मलाच विचारतात, "आजोबा, इथं वास कसला येतो हो?"

गेल्या चैत्रात पुण्याहून एक गाडी आली, पंधराएक माणसं. त्यात कुमुदताई म्हणून एक बाई होत्या, पन्नाशीच्या पुढच्या, साधं सुती लुगडं नेसलेल्या. बाकीचे फोटो काढत होते, या नुसत्या कुंडांकडे बघत होत्या. त्यांचं नशीब असं की दोनच दिवसांपूर्वी माझा डबा कुत्र्याने पळवला होता. कुत्रं अजून सापडलेलं नाही. मी सगळ्यांना डब्याचं सांगूनच टाकलं, "आज डबा नाही, सुटलात!" वारा मोकळा होता, कडुनिंबाला मोहर होता, हवेला गोडसर वास होता.

रीत कशी पाळायची ते दाखवायला मी पुढे झालो. हात मागे बांधले, छाती काढली, बाहेरून कमानीत शिरलो, पलीकडे निघालो, तसाच माघारी आलो आणि कुंडाच्या कडेवर बसून दम खाल्ला. या वेशीतून गेलं की मला दम लागतो. गावात सगळ्यांनाच लागतो, चढ आहे म्हणतात. मला तर तो रस्ता सपाटच दिसतो, पण डोळेही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. मग तिथे बसूनच त्यांना गोष्ट सांगितली, ती अशी.

फार पूर्वी, तट शाबूत होता तेव्हा, या कुंडांवर लिंबा नावाचा माणूस कातडी कमवायचा. बायको गेलेली, साळू नावाची एक लेक. पहिल्या कुंडात चुन्याचं पाणी, दुसऱ्यात बाभळीच्या सालीचं, तिसऱ्यात धुवायचं. चुन्यातून काढलेल्या कातड्यावरचे केस आणि मांसाचे लगदे लिंबा खरवडायचा आणि त्याची घाण कोपरापर्यंत ओघळायची. माश्या एवढ्या की बोलायला तोंड उघडलं तर दोन आत जायच्या. गावातलं कुणीही वेशीतून बाहेर पडलं की पदर, उपरणं, पागोट्याचा शेव, जे हाताला लागेल ते नाकाला लावायचं. काही जण लिंबाच्या दारासमोर थुंकायचे. आणि त्यानेच शिवलेल्या कातड्याच्या मोटेचं पाणी घटाघटा पिऊन ढेकर द्यायचे. गावच्या विहिरींवर तेव्हा आठ मोटा चालायच्या, आठही लिंबाच्या हातच्या. त्या पाण्याला कधी कुणाला वास आला नाही म्हणे.

एका उन्हाळ्यात कुणी एक सरदार फौज घेऊन आला. तो कुठला होता हे मला विचारू नका. ज्याला जो आवडत नाही त्याचं नाव तो इथे घालतो. त्याला खैरवडीची धान्याची पेवं लुटायची होती. गावाने वेस लावून घेतली. लिंबा साळूला घेऊन वेशीशी आला आणि म्हणाला, "आम्हाला आत घ्या." वरून राणोजी पाटलाने पाहिलं. असे सांगतात की त्याने आधी शेला नाकाला लावला आणि मग उत्तर दिलं.

"लिंबा, आत देऊळ आहे, लेकरंबाळं आहेत. तुम्हा दोघांचा वास कुठं ठेवू?"

वेस उघडली नाही. मला विचाराल तर घाण होती ती ही.

फौजेने ओढ्याकाठी तळ दिला. ओढा आटला होता आणि बाहेर पाणी उरलं होतं ते एवढ्या एका डोहात. चार दिवस झाले तरी वेस मोडेना. तेव्हा सरदाराला कळलं की तटाला मागल्या अंगाने एक दिंडी, म्हणजे लहान दार, आहे. गावात मेलेलं जनावर मोठ्या वेशीतून न्यायचं नाही, म्हणून ते या दिंडीतून बाहेर ओढायचे. तिचा अडसर बाहेरून कसा सरकवायचा हे एकट्या लिंबाला ठाऊक, कारण मढी ओढणारा तोच. सरदाराने त्याला बोलावलं. बोलावलं, पण दहा हात लांब उभं केलं, स्वतः अत्तराचा फाया नाकाशी धरला आणि म्हणाला, "दिंडी उघड. या गावातली पाहिजे ती जमीन तुझी."

लिंबा म्हणाला, "उद्या सूर्य माथ्यावर आला की उघडतो. तोवर माणसांना खाऊपिऊ घाला."

घरी येऊन त्याने साळूला बेत सांगितला. पोर भडकली. "ज्यांनी तोंडावर दार लावलं, त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यासाठी कशाला? आत माझ्या आठ मोटा आहेत. हे आत गेले की पहिल्यांदा मोटा फाडतील. दहा वर्षांचं काम आहे ते, साळू."

दुसऱ्या दिवशी सकाळी, फौज चुली पेटवण्यात गुंतली असताना, बापलेकीने कुंडांच्या तळाची भोकं मोकळी केली. चुना, सडकं पाणी, केस, लगदे, वर्षभराची कमाई सगळी खळाळत डोहात गेली. वर तरंगलेलं साळूने सुपाने ओढून काढलं, खालचं खाली बसलं. पाणी ताकासारखं झालं. वास? तो सगळीकडेच होता. पाच दिवस त्या घाणीत राहिलेल्या माणसांना पाण्याचा वेगळा वास कसा कळावा?

घोड्यांना मात्र कळला. एकाही घोड्याने तोंड लावलं नाही. घोडं ते, फौजेत सगळ्यात शहाणं. सरदाराला शंका आली. त्याने लिंबाला काठावर आणवलं. "पाणी गढूळ का?"

"उन्हाळ्यात डोह असाच होतो, सरकार."

"मग तू पी आधी."

लिंबा गुडघ्यावर बसला. ओंजळ भरली आणि प्यायला. दुसरी भरली, तीही प्यायला. असे सांगतात की त्याची भुवई हलली नाही, ओठ वाकडा झाला नाही, नाकपुडीसुद्धा फुलली नाही. ज्या घाणीला सगळा मुलूख नाक धरत होता ती तो बघणाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून प्यायला आणि तोंड पुसून म्हणाला, "गोड आहे."

मग सगळी फौज प्यायली. सरदार अत्तर बाजूला ठेवून प्यायला.

सूर्य माथ्यावर यायच्या आत जे सुरू झालं ते मी बायकांपोरांसमोर अर्धंच सांगतो, आणि बायकापोरं तेवढाच भाग पुन्हा सांगायला लावतात. आधी ओकाऱ्या, पिवळ्या, मग हिरव्या. कुणी तंबूला धरून ओकतोय, कुणी तंबूत, कुणी पुढच्याच्या पाठीवर. मग खालून सुटलं. सुरवारीच्या नाड्या सोडायला वेळ मिळेना. घोडे ठणठणीत उभे, पण खोगिरावर बसवेल तर शपथ. अखेर फौज लगाम हातात धरून, वाकून, थांबत थांबत, पायी निघून गेली. जाताना झुडपामागे जाण्यावरून आपसात मारामाऱ्या झाल्या म्हणे. सरदार सगळ्यांच्या मागे होता.

गावाने तटावरून हे पाहिलं आणि ढोल वाजवले. ढोलाला कातडं लिंबाचंच.

लिंबा चुनापाणी पचवू शकला नाही. आतून भाजला गेला. तिसऱ्या दिवशी गावाने वेस उघडली. राणोजी पाटील नारळ, पागोटं आणि पाच माणसं घेऊन त्याच्या दाराशी आला. आत लिंबा घोंगडीवर पडलेला, ओठ सोलून पांढरे झालेले, अंगाखाली काय होतं ते सांगवत नाही. साळू त्याला पुसत होती. पाटील म्हणाला, "लिंबा, गाव तुझं ऋणी आहे. माग, काय मागायचं ते." आणि बोलता बोलता, सवयीने, त्याने शेला नाकाला लावला.

लिंबाने डोळे उघडले. एवढंच म्हणाला, "पाटील, हात खाली घ्या."

तेच शेवटचं. त्यावर गेला.

पाटलाचा हात जो खाली आला, तो पुन्हा छातीच्या वर गेला नाही, असे सांगतात. पुढे जन्मभर पाटलीणबाईंनी घास भरवला. आत्ताचे पाटील म्हणतात तो संधिवात होता. असेल. पण दोन ओंजळी पाणी लिंबा प्यायला आणि रोग पाटलाच्या हाताला झाला, हे कुठल्या वैद्याला समजावता येतं का बघा.

लिंबाला मागल्या दिंडीशी, मेलेली जनावरं टाकायच्या जागी, न्यायला लोक निघाले तेव्हा साळू आडवी आली. म्हणाली, "माझा बाप मोठ्या वेशीतून जाईल, देवळासमोरून जाईल आणि तुम्ही पाची जण खांदा द्याल. दोन्ही हात तिरडीला. नाकाला एक हात गेला तर मी प्रेत तिथंच उतरवीन आणि तुमच्या देवळासमोर ठेवीन." उन्हाचे दिवस, तिसरा प्रहर. त्या प्रेताची काय गत झाली असेल ते तुमचं तुम्ही समजा. पाच जणांनी दात आवळले, पण हात सोडला नाही. वेशीत पोचल्यावर पाटलाने साऱ्या गावाच्या वतीने देवाची आण घेतली की लिंबाच्या दारावरून जाताना खैरवडीचा हात नाकाला जाणार नाही.

साळू पुढे बरीच वर्षं कुंडांवर काम करत होती. मोट शिवून घ्यायला गाव हात मागे बांधून तिच्या दाराशी उभं राहायचं म्हणे. तिच्या माणसांची घरं वेशीबाहेरच राहिली. आत या असं कुणी म्हणालं का, हे मला माझ्या आज्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हळूहळू ती माणसं शहराकडे गेली. कुंडं कोरडी पडली. डोह मात्र आजही तसाच पांढरा आहे. आजही त्यात जीव धरत नाही. आजही वरात आली की वाजंत्री वेशीत थांबते, नवरदेव घोड्यावरून उतरतो आणि हात खाली सोडून चालत आत येतो.

गोष्ट संपली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते पाकिटं टाकायला जागा शोधू लागले. कुमुदताई मात्र उठल्या, माझ्या सुनेकडून घागर मागून घेतली, विहिरीवरून भरून आणली आणि पहिल्या कुंडात ओतली.

मी म्हटलं, "अहो ताई, दंड कशाला? तुमचा हात तर वर गेला नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझी आजी इथली. त्या तिथं, कुंडांच्या वर त्यांचं घर होतं."

मला भरूनच आलं. मी उठून उभा राहिलो. "मग तर तुम्ही आमच्या माहेरवाशीण झालात! बघून घ्या ताई, आजही, एवढ्या पिढ्या झाल्या तरी, या वेशीत खैरवडीकराचा हात एकदाही नाकाला गेलेला नाही. आत्ताच मी चालून दाखवलं ना?"

त्यांनी घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"दाखवलंत ना, अण्णा. हात खाली होता. पण श्वास कोंडून गेलात आणि माघारी येऊन एवढा मोठा घेतलात. आजी म्हणायची, खैरवडीचं माणूस तेवढ्यावरून ओळखावं. आज तर डबासुद्धा नव्हता. मग वास कुणाचा येत होता?"